गयेला सोडलेलं वांगं

गयेला पिंडदान करून आलेल्या माणसानं आवडती भाजी सोडायची, अशी रीत आहे. रीत जुनी, आणि तिच्यातून वाट काढणारी माणसंही तितकीच जुनी. आसेगावचे उकंडराव गयेहून आले ते कारलं सोडून. उकंडरावांनी उभ्या जन्मात कारलं तोंडात धरलं नव्हतं. म्हणजे वरच्या खात्यात जमा, आणि ताटातून गेलं काहीच नाही. गावात असे व्यवहार बरेच होतात आणि देवही खळखळ करत नाही.

जानराव त्याच गाडीनं गेले, त्याच घाटावर बसले आणि वांगं सोडून आले.

आमच्याकडे वांगं सोडणं म्हणजे अर्धं जेवण सोडणं. वावरात निखाऱ्यावर कणकेचे रोडगे भाजतात ते वांग्याच्या भाजीसाठी. लग्नाची पंगत असो की देवाचा नवस, पातेल्यात वांगंच असतं. पण घाटावरच्या महाराजांनी "काय सोडता?" विचारलं तेव्हा जानरावांनी क्षणभरही हिशेब केला नाही. शेजारी पत्नी मनकर्णाबाई उभ्या होत्या. त्यांनी कोपरानं ढोसलं.

"दोडका म्हणा न. कोनाले कळते?"

"मायनं मले काय दोडका चारला होता?" जानराव म्हणाले. "तिच्या नावानं सोडाचं तं तिच्या हातचं सोडाचं."

त्या दिवसापासून जानरावांची मान सरळ झाली. संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठाला बसले की उकंडरावांना सोडायचे नाहीत. "उकंड्या, पुढच्या खेपेले गोटे सोडून ये. तेही तू खात नाईस." उकंडराव हसून घ्यायचे. ज्यानं काही गमावलंच नाही त्याला हसायला काय जातं?

घरात मात्र जानरावांचं ताट अर्धं राहायला लागलं. मेथी पुढ्यात आली की चिवडायची, दुधीकडे बघून पाणी प्यायचं, अर्ध्या भाकरीवर हात धुवायचा. गालफडं बसली. त्यातच मुलाच्या, हरीओमच्या रक्तात चरबी निघाली. वाशीमच्या डॉक्टरनं तेल कमी आणि भाजीपाला भरपूर, असं बजावलं. सून साधना हुशार. तिनं मोबाइलवर चार गोष्टी पाहिल्या आणि घराला कायदा लावला: रात्री सगळ्यांनी एकत्र बसायचं, सगळ्यांना एकच भाजी, आणि त्या एका भाजीत जमतील तेवढ्या भाज्या. कोहळं, गवार, चवळीच्या शेंगा, शेवगा, पालक, दाट रस्सा, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. नात मंजुषानं पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं. दुसऱ्या आठवड्यात वाटी पुढे केली.

आणि जानराव! पहिले काही दिवस चिवडाचिवड झाली, मग एका रात्री त्यांनी बोटं चाटली. पुढे तर देवळातून पाय उचलून घरी यायला लागले. गालफडं भरली. देवळात सांगायचे, "वांग्यात काय ठेवलं हाय? माही सून धा भाज्या एकात करते. मन मोठं पाहिजे, जीभ नाई." आणखी एक गोष्ट ते कौतुकानं सांगत. ते हरिपाठाहून परतले की घरात धुपाचा वास कोंदलेला असे. "म्या एक वांगं सोडलं," ते म्हणायचे, "अन् साऱ्या घराले देवाधर्माचं वळण लागलं."

यंदाच्या पितृपक्षात आईच्या तिथीच्या आदल्या दिवशी ते भाजी आणायला आठवडी बाजारात गेले. तिथीला आईचं पान वाढलं की तिला मनात सांगायचं, माय, तुझं वांगं सोडलं ते सोडलंच. एवढं एक वाक्य सांगता यावं म्हणून माणूस वर्षभर जपत होता. त्यासाठी जावयाच्या घरून उपाशी उठले होते, भाचीच्या लग्नात नुसत्या वरण-भातावर राहिले होते.

बाजारात अन्वरी बागवानीण भाजी विकते. भेंडी, गवार, कारली तोलून झाली तशी तिनं पोत्याखालून पिशवी ओढली.

"काकाजी, ये भी लेते जाव. साधना भाभीचे वांगे. मोठाले निवडून ठेवले, भाजाले चांगले. तिचा चक्कर वाचन."

"कोन्या साधनाचे?"

"अब कितनी साधना हैं? तुमची सून नाई का?"

"आमच्या घरी वांगं शिजत नाई, अन्वरी. म्या सोडलं हाय."

अन्वरी बोलायला पक्की, पण त्या वेळी तिची जीभ अडखळली. पिशवी तिनं पुन्हा पोत्याखाली सारली. "तो फिर दुसऱ्या कोनाचे असतीन. मेरा दिमाग भी ना, काकाजी…" आणि तिनं न मागता मूठभर सांभार त्यांच्या पिशवीत कोंबला. अन्वरी सांभार कधी फुकट देत नाही. जानरावांना जे कळायचं ते त्या सांभारानंच कळलं.

त्या संध्याकाळी ते देवळात गेले, पण हरिपाठ सुरू होताच उठले. घराच्या मागच्या बाजूनं आले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भाजलेल्या वांग्याचा वास बाहेर पडत होता. तो वास ज्याला ओळखता येत नाही तो वऱ्हाडातला नव्हे. मग आत कुणीतरी निखाऱ्यावर धूप टाकला.

जानराव ओट्यावर बसून राहिले. रोजच्या वेळेला खाकरले आणि आत गेले.

ताटं मांडली होती. मनकर्णाबाईंनी वाढलं. जानरावांनी घास घेतला नाही.

"हरीओम, या भाजीत काय काय हाय रे?"

"सारंच हाय, बाबा. कोहळं, पालक…"

"वांगं?"

हरीओमचा घास गालातच राहिला. त्यानं आईकडे पाहिलं, मग बापाकडे. "वांगं कसं असन? तुमी सोडलं न."

"मंजू, तू सांग."

मंजुषा अकरावीला. घरात सगळ्यात जास्त तोंड तिचं. ती ताटाकडे बघत म्हणाली, "मले नाई मालूम, आबा."

तिसरी साधना. तिनं खोटं बोलायची तयारी केली होती, ओठ उघडलेही होते, पण सासऱ्याचं तोंड पाहून तिला ते निभवेना. "मामाजी, चूक माही हाय. भाजून, सोलून, टमाट्यासंगं वाटत होती मी. रस्सा दाट येते म्हनून."

"तुले काय बोलू, बाई? तू लोकाची लेक. तू काय गयेले नोती." जानरावांचा आवाज अजून खाली होता. "पन हा माहा पोरगा. ताटावर बसून खोटं बोलते. अन् हे लेकरूही शिकलं."

"तिले नका बोलू, अन् पोराले बी नका बोलू," मनकर्णाबाई म्हणाल्या. पळी त्यांच्या हातातच होती. "म्याच करवलं."

जानराव वळले. ही बाई कोण, ते आठवत असावेत असे बघू लागले.

"तू?"

"तुमी ताटावरून उठून राह्यले होते. हाडं दिसाले लागली होती. मायले दिलेला शबूद तुमी पाळत होते, अन् म्या काय बघत बसाचं होतं? पाप लागन तं मले लागन. तुमाले मालूमच नोतं, मंग तुमाले कायचं पाप?"

हिशेब तसा चोख होता. पाप एकीच्या नावे, पुण्य दुसऱ्याच्या नावे, आणि रस्सा सगळ्यांच्या वाटीत. उकंडराव असते तर त्यांनी वाहवा केली असती. पण उकंडरावांचं कारलं आजही जसंच्या तसं सुटलेलं होतं आणि जानरावांचं वांगं रोज रात्री त्यांच्याच पोटात जात होतं.

"पाप कोनाचं हे म्या इचारलंच नाई," जानराव म्हणाले. "तू तं माह्या बाजूले उभी होती, हरीओमच्या माय. बाकी कोनाले मालूम नोतं काय सोडलं अन् कायले सोडलं. तुले मालूम होतं. रोज रात्री तुया हातचं जेवून म्या मायले सांगत होतो, माय, आजई नाई खाल्लं. अन् तू बाजूले बसून मले अजून एक पळी वाढत होती."

"तुमीच तं मांगत होते," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं, की हे बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तिथी झाली. साधनानं प्रत्येक भाजी वेगळी केली: भेंडी भेंडीसारखी, गवार गवारीसारखी, कशात काही मिसळलं नाही. मनकर्णाबाईंनी पान वाढलं. दर वर्षी जानराव पानापुढे हात जोडून ओठ हलवायचे, आवाज यायचा नाही. या वर्षी मोठ्यानं बोलले. घरातल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"माय, मले मालूम नोतं. घरच्याईले होतं."

हरीओम बाहेर निघून गेला. साधना मोरीवर जाऊन भांडी घासत बसली, भांडी घासलेली असूनही.

जानराव रुसून वेगळे जेवायला बसले असते, तर चार दिवसांनी समजूत काढता आली असती. तसं त्यांनी केलं नाही. कायदा पाळतात. रात्री सगळ्यांसोबत पंगतीत बसतात, नातीला अभ्यासाचं विचारतात, हरीओमला तेल कमी खा म्हणतात. स्वतः भाकरी घेतात, सोबत काकडी, मुळा, कांदा, पातीसकट, न चिरलेलं. मुळा मुळ्यासारखा दिसतो, एवढंच त्यांना पुरेसं असावं. डॉक्टर बघेल तर म्हणेल, या घरात सगळ्यात चांगलं हाच माणूस जेवतो.

धूप बंद झाला. अन्वरीनं वांगी ठेवणं सोडलं. भाजीत आता खरोखरच काही लपलेलं नसतं.

मनकर्णाबाई रोज रस्सा घेऊन येतात. आधी हरीओमला, मग मंजुषाला, साधनाला, आणि शेवटी जानरावांसमोर थांबतात. "कोहळं, पालक, शेवगा," त्या सांगतात. "लेकराची आन."

जानराव ताटावर पालथा हात धरतात. सोयऱ्याच्या घरी पोट भरल्यावर धरतात तसा, अगदी अदबीनं.

पळी थोडा वेळ वरच राहते. मग मनकर्णाबाई ती आपल्या ताटात रिकामी करतात आणि खाली बसतात.