वकीलबाईंचा हरलेला डाव

धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. तिथे तिचा हात कधी चुकत नसे, पण बुद्धिबळाच्या पटावर तिचं घोडं सुरुवातीलाच पेंड खायचं. मधला खेळ ती बरा खेळे, मात्र तिथवर पोचेपर्यंत निम्मी फौज गारद झालेली असे. त्यामुळे स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत वकीलबाईंसारख्या मुरलेल्या खेळाडूशी गाठ आहे हे कळलं, तेव्हा तिने ताईला मदतीला बोलावलं.

ताईने खटपट करून वकीलबाईंचा गेल्या वर्षीच्या स्पर्धेतला एक डाव मिळवला. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्या त्यात सपाटून हरल्या होत्या. संध्याकाळी दोघी बहिणी स्वयंपाकघरात पट मांडून बसल्या.

"नुसत्या खेळ्या घोकू नकोस," ताई म्हणाली. "प्रत्येक खेळी का केली, ते सांग."

"पांढऱ्याने घोडा पुढे घुसवला, राजाशेजारच्या प्याद्यावर नेम धरून. वकीलबाईंनी आपल्या घोड्याने मधलं प्यादं मारलं आणि तिथेच फसल्या. पांढऱ्याने घोडा बळी देऊन राजाशेजारचं प्यादं टिपलं. मग राजाला घोडा मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नाहीतर वजीर किंवा हत्ती गेलाच. राजा बाहेर आला आणि उघड्यावर सापडला."

"मग झालं तर!"

"पण त्या तशा खेळल्याच नाहीत तर?"

"मग डोकं वापर. ते काय दुकानात ठेवून जाणार आहेस?"

धाकटी हसली.

दुसऱ्या दिवशी पांढरे मोहरे धाकटीकडे आले, डाव सुरू झाला आणि वकीलबाई हुबेहूब तशाच खेळू लागल्या. शेवटी त्यांनी घोड्याने मधलं प्यादं मारलं. तीच खेळी!

आता घोडा बळी द्यायचा, की झालं. धाकटीने हात पुढे केला आणि अर्ध्यावरच थांबवला. एवढी मुरलेली बाई त्याच खड्ड्यात पुन्हा कशी पडेल? घरी बसून त्यांनी काहीतरी तोड काढली असणार. ती वकीलबाईंकडे चोरून बघत राहिली. त्या शांतपणे पेनाचं टोपण काढत-लावत होत्या. त्या शांतपणानेच तिचा धीर सुटला. घड्याळ पळत होतं.

तिने घोडा मुकाट्याने मागे घेतला.

त्यानंतर वकीलबाईंनी तिला चांगलंच कोंडीत पकडलं. कशीबशी तगून तिने डाव बरोबरीत सोडवला.

हात मिळवताना वकीलबाईंनी विचारलं, "घोडा का नाही दिलास गं? माझा तर जीव टांगणीला लागला होता."

"मला वाटलं, तुम्ही सापळा लावलाय."

"कसला सापळा! हात सवयीने गेला, आणि मोहरा ठेवल्यावर आठवलं. गेल्या वर्षीचा तो डाव हरल्यावर मी इतकी खचले, की परत मांडून बघायची हिंमतच झाली नाही."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. हातातोंडाशी आलेला विजय तिने निव्वळ भीतीपायी घालवला होता. दाराशी उभी असलेली ताई, चल आता, म्हणून खुणावत होती.

धाकटीने तिला हातानेच थांबवलं आणि मोहरे पुन्हा जागच्या जागी लावायला घेतले.

"बसा ना," ती वकीलबाईंना म्हणाली. "दोघी मिळून बघू."