फुटत्या लाटेपलीकडे

वसुमतीने झोपाळ्याची फळी कड्यांतून सोडवली, छातीशी कवटाळून मागच्या अंगणात आणली आणि विहिरीजवळच्या फरशीवर आडवी टाकली. आडी महिना, तमिळांचा आषाढ, लागला होता. पुढे सणवार येणार, म्हणून या दिवसांत ऊंजलची फळी घासून, तेल लावून पुन्हा टांगायची हे तंजावूरच्या या घरातलं तिचं दरवर्षीचं काम. काथ्याने तिने ती खसखसून घासली, वरून बादल्या ओतल्या. फरशीवर पाणी साचलं आणि त्या पाण्यावर फळी जराशी सरकली.

वसुमतीने इकडे तिकडे पाहिलं. घरात कोणी नव्हतं. नवरा, बाळकृष्णराव, कचेरीत गेले होते, मुलगा तिरुचीला कॉलेजात होता, सासूबाई देवळात. तिने पदर कमरेला खोचला आणि फळीवर पालथी झाली. मान वर, नजर समोर. दोन्ही हात ओल्या फरशीवरून तिने मागे ओढले. एकदा. मग पुन्हा. समोर तुळशीवृंदावन होतं आणि त्यामागे भिंत, पण तिचे हात थांबेनात.

"फळी वाळली का गे?"

सासूबाई, वेंकूबाई, मागच्या दारात उभ्या होत्या. हातात देवळातल्या फुलांचा द्रोण. वसुमती धडपडून उठली, तोंडावरचं पाणी पुसू लागली.

"नाही, आत्याबाई. अजून ओलीच आहे."

"असू दे," म्हणून वेंकूबाई आत गेल्या. बोलायला त्यांच्याजवळ पुष्कळ असतं, हे वसुमतीला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी आणखी एक शब्दही काढला नाही.

काढला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, चिंच निवडताना.

"काल ते हात काय करत होतीस?"

वसुमतीने चिंचोका बाजूला टाकला. खोटं सांगता आलं असतं. फळीखालची घाण काढत होते, म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

"लाटेवर जाताना तसे हात मारतात," ती म्हणाली.

तिचे वडील हनुमंतराव सिलोनात वेलिगामाला पोस्टमास्तर होते. वसुमती तिथेच जन्मली, तिथल्या कोळ्यांच्या पोरींबरोबर वाढली. मोडक्या होडीची एखादी फळी घ्यायची, कंबरभर पाण्यापलीकडे जायचं, मागून लाट आली की जोराने हात मारायचे. मग लाटच उचलून किनाऱ्यावर आणून सोडते. आई नव्हती, अडवणारं कोणी नव्हतं. हनुमंतराव संध्याकाळी छत्री उघडून वाळूत बसत आणि मुलीला बघत. प्रत्येक जागची लाट निराळी असते, हे त्यांना बसल्या बसल्याच उमगलं होतं. त्यांनीच लाटांना मराठी नावं ठेवली होती.

"लाटांना नावं?" वेंकूबाईंनी विचारलं.

"होय. उपसागराच्या मधोमध एक यायची, लांबलचक, संथ. तिचं नाव पालखी. बसलेल्या माणसाला धक्कासुद्धा लागायचा नाही. बेटाजवळ खडकावर फुटायची ती सुरी. पातळ, पण चुकलं की गुडघे सोलून निघायचे. आणि नदीच्या मुखाशी एक होती, येते येते असं दाखवायची आणि यायचीच नाही. ती चकवा."

वेंकूबाई हसल्या नाहीत. चिंचेची एक शेंग मोडून त्यांनी तिच्यातल्या शिरा ओढून काढल्या.

वसुमतीने पुढची शेंग उचलली. वडील गेल्यापासूनच्या दोन वर्षांत ती या घरात त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होती. हनुमंतराव आजारी पडले तेव्हा त्यांचं पत्र आलं होतं, एकदा येऊन भेटून जा म्हणून. बाळकृष्णरावांनी कागदपत्रांची चौकशीही केली होती. पण वेंकूबाईंनी उंबऱ्यात उभं राहून सांगितलं होतं, "आपल्यातल्या बायका समुद्र ओलांडत नाहीत. तिला आणताना ओलांडून आणली तेवढं पुरे झालं." बाळकृष्णरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि विषय मिटला. पुढच्या महिन्यात तार आली. त्यानंतर वसुमतीने समुद्राचं नाव काढलं नव्हतं, आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं.

त्या वर्षी आडी अमावास्येला धनुष्कोडीला जायचं हे वेंकूबाईंनीच ठरवलं. गेलेल्या नवऱ्यासाठी सेतूवर स्नान करायचं त्यांच्या मनात फार दिवस होतं.

"वसूलाही घे बरोबर," त्या मुलाला म्हणाल्या. "मला वाळूत धरून चालवायला कोण आहे?"

तिरुचीला गाडी बदलून ते निघाले. पांबनचा पूल आला तशी गाडी सावकाश झाली आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी झालं. वेंकूबाई डोळे मिटून स्तोत्र म्हणत होत्या. वसुमतीने खिडकीच्या गजाला कपाळ टेकवलं. वारा खारट होता. तिने ओठांवरून जीभ फिरवली आणि बाळकृष्णराव बघताहेत असं वाटून तोंड आत घेतलं. ते बघत होते खरे. आपल्या जागेवरून उठून त्यांनी तिला खिडकीची दुसरी बाजू मोकळी करून दिली.

अमावास्येच्या दिवशी भटजी, गर्दी, पिंड, तीळ, ऊन यांतच दिवस गेला. त्या गर्दीत समुद्र नीट दिसलाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळकृष्णरावांचं डोकं उन्हाने चढलं होतं. ते छत्रात, त्या धर्मशाळेतच, कपाळावर ओला पंचा ठेवून, निजून राहिले.

"चल," वेंकूबाई वसुमतीला म्हणाल्या. "एक कोरडं लुगडं बरोबर घे. इथं दोन समुद्र आहेत म्हणतात. एक पाहिला. दुसरा दाखव."

बेटाचं ते टोक म्हणजे वाळूची एक लांब जीभ. उत्तरेचा समुद्र परातीतल्या पाण्यासारखा स्वस्थ होता. वाळू ओलांडून त्या दक्षिणेच्या बाजूला गेल्या आणि वसुमतीचे पाय थांबले. आडीतला वारा त्या बाजूने येत होता. समुद्र लांबून रांगा लावून येत होता आणि किनाऱ्यापासून जराशा अंतरावर, बुडालेल्या वाळूच्या उंचवट्यावर, एका बाजूने फुटत फुटत दुसऱ्या बाजूला जात होता. डावीकडे तेवढी एक गल्ली होती. तिथे पाणी काळसर आणि न फुटणारं. वसुमतीच्या नजरेला ती आपोआप सापडली.

"ही कुठली गे?" वेंकूबाईंनी विचारलं. "पालखी, का ती खडकावरची?"

वसुमतीने चमकून सासूकडे पाहिलं. "पालखीच्या जातीची," ती म्हणाली.

वाळूत एक कोळीण मासे वाळत घालत होती. तिच्याजवळ तीन ओंडके काथ्याच्या दोराने बांधलेलं एक लहानसं कट्टुमरम पालथं पडलं होतं, घरातल्या पोरांचं असावं. वेंकूबाई सरळ तिच्याकडे गेल्या आणि तमिळमध्ये काहीतरी बोलल्या. कोळणीने वसुमतीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अम्माला येतं?" तिने विचारलं.

"येत होतं," वसुमती म्हणाली.

कोळीण मोकळेपणाने हसली आणि माशांचे हात लुगड्याला पुसून कट्टुमरम उलटं करायला उठली.

"आत्याबाई, ह्यांना कळलं तर?"

"त्याला मी जन्म दिलाय. कळलं तर काय सांगायचं ते माझं मी बघेन. तुझं कोरडं लुगडं माझ्याजवळ दे आणि जा."

वसुमतीने नेसलेल्या नऊवारीचा काचा घट्ट केला. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. काळसर गल्लीतून तिने कट्टुमरम ढकलत नेलं आणि पाय सुटले तशी ती त्यावर चढली. पहिली लाट तिच्या खालून निघून गेली. उशीर झाला होता. हात पूर्वीसारखे राहिले नव्हते, दंड भरून आले. दुसऱ्या लाटेने तिला कडेला फेकून दिलं. नाकातोंडात पाणी गेलं. ती वर आली, खोकली, ओंडक्यांना धरून थोडा वेळ तरंगली.

तिसरी येताना तिने मागे वळून पाहिलं नाही. पाण्याचा उतार पावलांना कळला. तिने हात मारले आणि ओंडके अचानक हलके झाले. मग काही करायचं उरलं नाही. ती गुडघ्यांवर उठली. वारा कानांत शिरला, फेस दोन्ही बाजूंनी पळू लागला, लाट तिला एका बाजूने कलवत पुढे नेत राहिली. इतकी वर्षं वाटत होतं की हे पुन्हा मिळालं तर आपण हसू नाहीतर रडू. दोन्ही झालं नाही. डोळे आपोआप किनाऱ्यावर छत्री शोधू लागले.

छत्री नव्हती. तिथे पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी बाई कोरडं लुगडं दंडावर टाकून उभी होती. तिचे पाय पाण्यात होते.

वसुमती आणखी दोनदा गेली आणि दोनदा आली. मग कट्टुमरम वाळूला लावून ती धापा टाकत बसली. लांब धक्क्यावरून सिलोनला, तलैमन्नारला जाणारी आगबोट सुटली होती. तिचा धूर टोकाच्या पलीकडे वाकत जात होता. दोघीही तिकडे बघत राहिल्या.

"ह्या लाटा सगळ्या इकडेच येतात," वेंकूबाई म्हणाल्या. "तिकडे जाणारी एक नाही?"

"नसते. तिकडे आपल्यालाच जावं लागतं. लाटांच्या मधून."

"मग मला ने."

"कुठे?"

"जिथं फुटत नाहीत तिथवर."

"आत्याबाई, तुम्हाला पोहता येत नाही."

"तुला येतं ना?"

वसुमतीने कोळणीकडे पाहिलं. कोळीण पाण्यात उतरली आणि तिने कट्टुमरमची मागची बाजू धरली. वेंकूबाईंनी कोरडं लुगडं वाळूत घडी करून ठेवलं, वर एक दगड ठेवला आणि एखाद्या उंच पायरीवर चढावं तशा त्या ओंडक्यांवर बसल्या. दोर दोन्ही मुठींत आवळला. काळसर गल्लीतून दोघींनी त्यांना ढकलत नेलं. एक लाट कडेने फुटून गेली आणि तिचं पाणी वेंकूबाईंच्या डोक्यावरून गेलं. त्या ओरडल्या नाहीत. फक्त "राम, राम" एवढंच ऐकू आलं.

फुटत्या लाटांच्या पलीकडे समुद्र एकदम गप्प होता. कट्टुमरम वर चढत होतं आणि खाली उतरत होतं, श्वास घेतल्यासारखं. कोळीण हात सोडून मागे फिरली आणि पोहत किनाऱ्याकडे गेली. वसुमती ओंडक्यांवर चढून सासूच्या पुढ्यात बसली.

वेंकूबाईंनी एका हाताने दोर धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने पदराचं टोक पुढे घेतलं. तिथे गाठ होती. ओल्या गाठीला त्यांनी दात लावले. ती सुटली तेव्हा त्यांच्या तळव्यावर काळे तीळ चिकटलेले होते.

"तुझ्या वडिलांचं गोत्र काय?"

वसुमतीला प्रश्न कळायला वेळ लागला.

"कौंडिण्य."

"हात पुढे कर."

"आत्याबाई, मुलीने तर्पण द्यायचं नसतं. शास्त्रात नाही."

"शास्त्रात पुष्कळ नाही. तोंड तिकडे कर आणि माझ्यामागून म्हण."

आगबोटीचा धूर होता त्या बाजूला वसुमतीने तोंड केलं. वेंकूबाई हळूहळू म्हणत गेल्या, ती म्हणत गेली. हनुमंतरावांचं नाव आलं तिथे ती थांबली. वेंकूबाईंनी घाई केली नाही. मग तिने नाव घेतलं. तीळ पाण्यावर क्षणभर दिसले आणि गेले. तिने तीनदा ओंजळ सोडली.

ओंडके त्यांना झुलवत होते. वर, खाली. आगबोट आता एवढीशी दिसत होती.

"किती लांब आहे गे तुझं सिलोन?"

"इथून दोन-अडीच तास. बोटीने."

वेंकूबाईंचं तोंड उघडं राहिलं. तंजावूरहून इथवर गाडीत त्यांनी त्याहून कितीतरी जास्त वेळ काढला होता. त्यांनी धुराकडे पाहिलं, मग वसुमतीच्या पाठीकडे.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

वसुमतीने मागे वळून पाहिलं नाही. तिने हाताने पाणी मागे ढकलून कट्टुमरमचं तोंड किनाऱ्याकडे फिरवलं. लांबवर पाण्याची एक रांग बाकीच्यांहून उंच होऊन येत होती. अजून फुटायला वेळ होता.

"आता येईल ती आपल्याला नेईल," ती म्हणाली. "घट्ट धरा."

"धरलाय की दोर."

"दोर नका धरू, आत्याबाई. मला धरा."

मागचं पाणी चढू लागलं. वेंकूबाईंनी दोर सोडला.