सुटलं का गं?

त्या संध्याकाळीही आईने पलंगावरून नेहमीचा प्रश्न टाकलाच. "सुटलं का गं?"

खिडकीपाशी लॅपटॉप उघडून बसलेली लेक मान न वळवता म्हणाली, "कसलं सुटतंय! पुन्हा माघारी आली."

"कोण, तुझी आत्या?"

"लाट, आई!"

दोघी हसल्या. हसताना आईला धाप लागली, तशी लेकीने उठून तिच्या पाठीमागच्या उशा सारख्या केल्या.

काम तसं साधं वाटणारं. पोलादी नळीला टोला दिला की हादरा आतून कसा धावतो, ते सॉफ्टवेअरमध्ये पाहायचं. वाटेत भेग असेल तर लाटेचा थोडा भाग तिथून मागे फिरतो, त्यावरून भेग ओळखायची. मैलभर नळी संगणकाला झेपेना, म्हणून लेकीने एक तुकडाच घेतला होता, बारीक चौकटींत चिरलेला. पण त्या तुकड्याच्या टोकावरून लाट अशी काही उसळून परते, की भेगेची खूण तिच्यात बुडून जाई. लाट जिरवायला टोकाशी पट्टा लावला, तरी तेच.

"जाऊ दे की बिचारीला," आई म्हणाली.

"मी कुठे धरलंय? तीच जात नाही."

"माझ्यासारखीच चिवट दिसतेय."

लेकीने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि औषधाचा चमचा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई गेली.

भेटायला येणारा जो तो एकच शब्द घेऊन आला. मावशीही डोळे पुसत म्हणाली, "सुटली गं माझी ताई."

"सुटायला ती काय गणित होती?" लेक फटकन बोलली.

मावशीला कसं सांगणार? दोन वर्षं भात्यासारखी वरखाली होणारी ती छाती शांत झालेली दिसली, तेव्हा रडू नंतर आलं होतं. आधी हायसं वाटलं होतं.

पाहुणे पांगले. लेक पुन्हा खिडकीपाशी बसली आणि चूक तिला आता कुठे दिसली. लाट जिरवणारा पट्टा तिने सुरुवातीपासूनच पूर्ण जोराचा ठेवला होता. लाटेला तो भिंतच वाटत होता, त्याच्यावरूनच ती उलटत होती. तिने त्याचे पातळ थर केले, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा जरासाच जास्त जोराचा, आणि गणित चालू केलं.

लाट आली, थरांत शिरली, मंदावली. विरून गेली. पडद्यावर भेगेची इवलीशी खूण तेवढी स्पष्ट उरली.

लेकीने सवयीने पलंगाकडे पाहिलं. गादी उन्हात टाकलेली होती, नुसत्या फळ्या दिसत होत्या.

"सुटलं, आई," ती मोठ्याने म्हणाली. मग जरा थांबून, "तूही सुटलीस. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं गं."