मानेतली चिठ्ठी

मला तोंड नाही. डोकंच नाही, तर तोंड कुठून असणार? तरीही आज मी बोलणार आहे. ज्यांना डोकी होती, तोंडं होती, ती माणसं सहा वर्षं गप्प राहिली आणि त्यांचं ते गप्प राहणं माझ्या मानेत अडकून पडलं होतं.

मी शिंप्याचा पुतळा. लोक मला 'डमी' म्हणतात, मला ते कधीच आवडलं नाही. कागदाचा लगदा, वर कापसाचा थर, त्यावर जाड कापड आणि खाली लोखंडी तिपाई असा माझा जन्म. छाती चौतीस, कंबर सव्वीस. एवढ्या बारीक अंगाचा पुतळा कुणाला लागतो, असं तुम्ही विचाराल. जॉकी लोकांची मापं तशीच असतात हो. आमच्या कारखान्यात घोड्यांच्या शर्यतीसाठी जॉकींची सॅटिनची जाकिटं शिवली जायची. हिरवी, लाल, ठिपक्यांची, पट्ट्यांची, ज्याच्या त्याच्या मालकाच्या रंगांची. प्रत्येक जाकीट आधी माझ्या अंगावर चढायचं, मग जॉकीच्या. थोडक्यात काय, सगळ्या शर्यती आधी मी धावलोय, जागचा न हलता.

माझ्या मानेवर लाकडी झाकण आहे. वर छोटी मूठ, आत पोकळी. ही पोकळी कशासाठी ठेवली होती देव जाणे, पण आमच्या लोकांनी तिचा उपयोग शोधून काढला.

आमचे लोक म्हणजे तिघं. कापणारे ते मास्तर. कात्री हातात असली की राजा, नसली की चष्मा शोधणारा म्हातारा. इस्त्री करणारा तो वाफ्या, सतत वाफेत उभा आणि सतत बडबडत. आणि काज-बटण करणारी ती काजूताई. नाव वेगळंच होतं तिचं, पण काजं करते म्हणून काजू आणि सगळ्यांची काळजी करते म्हणून ताई.

वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत आली की आठवडाभर आधी या तिघांना भाकितांचा झटका यायचा. घोड्यातलं कुणाला ओ की ठो कळत नव्हतं. त्यांचं सगळं शास्त्र कापडावर. मास्तर म्हणायचे, "हिरवं कापताना एक सूत सुटलं नाही. हिरवा घोडा मारतोय बघा!" वाफ्या म्हणायचा, "हट्! हिरव्यावर इस्त्री दोनदा चिकटली. तो वळणावर अडणार. लाल पाहा कसा सरसर गेला." पैसे लावायचे नाहीत, असा मास्तरांचा सक्त नियम. प्रत्येकानं भाकीत आधी मोठ्यानं बोलायचं, मग कापणीच्या पिवळ्या कागदाच्या तुकड्यावर लिहायचं आणि झाकण उचलून माझ्या मानेत टाकायचं. शर्यत संपली की वाफ्या चिठ्ठ्या काढायचा आणि रेडिओवरच्या निवेदकाच्या आवाजात वाचून दाखवायचा. ज्याचं भाकीत सगळ्यात जास्त चुकलं, त्यानं पुढचा आठवडाभर रोज सकाळी मला फडक्यानं पुसायचं आणि 'गुड मॉर्निंग, साहेब' म्हणायचं.

अकरा वर्षं मला काजूताईनंच पुसलं.

अशी उलटी जीभ मी दुसरी पाहिली नाही. ती ज्याचं नाव घेई तो घोडा हमखास मागे पडे. एकदा तर तिनं निवडलेला घोडा सुरुवातीलाच तोंड फिरवून उभा राहिला. बाकीचे धावत सुटले आणि हा शांतपणे प्रेक्षकांकडे बघतोय! वाफ्या हसून हसून टेबलाखाली गेला होता. पुढे पुढे तर मास्तर तिलाच आधी बोलायला लावायचे. "काजू, तू बोल आधी, म्हणजे एक घोडा कमी होईल." ती खोटं खोटं रागवायची, पण गंमत तिलाही वाटायची.

तिला एकच मुलगा. घरात ही दोघंच. अंगानं वीतभर, म्हणून वितू. लहानपणी शाळा सुटली की तो माझ्या तिपाईशी बसून रिकाम्या रिळांची गाडी करायचा. मोठा होता होता उंची काही वाढेना, मग हा तबेल्यात कामाला लागला आणि एक दिवस घोड्यावर बसला. काजूताई 'नको' म्हणणार होती, पण पोराचा चेहरा बघून तिनं तोंड मिटलं. छोट्या शर्यती त्यानं पुष्कळ मारल्या. आणि बाराव्या वर्षी मोठ्या शर्यतीत त्याला घोडा मिळाला.

त्याचं जाकीट पिवळं, बाह्या जांभळ्या. त्या जाकिटाची काजं करायला काजूताईला तीन दिवस लागले. एरवी तासाभराचं काम. काज घालायची, उसवायची, परत घालायची.

शर्यतीच्या दोन दिवस आधी वितू जाकीट घालून बघायला आला. दुपारची वेळ होती, वाफ्याची इस्त्री फुसफुसत होती. वाफ्याला कुठला धीर! "ताई, काय वाट्टेल ते कर, पोराचं नाव घेऊ नकोस हं! तू 'जिंकणार' म्हणालीस की गेला बिचारा बाराच्या भावात!"

सगळे हसले. काजूताईनं दातानं दोरा तोडला, वितूकडे बघितलं, मिश्किलपणे मान उडवली आणि म्हणाली, "आमचा वितू? तो काय पोचतोय! नाही पोचायचा."

आणि काय हशा पिकला म्हणून सांगू! मास्तरांनी टेबलावर थाप मारली. "वा, काजू, वा! याला म्हणतात डोकं!" कारण सरळ होतं. जिचं एकही भाकीत कधी खरं झालं नाही, ती म्हणतेय पोचायचा नाही, म्हणजे पोरगा पहिला आलाच. आईनं मुलाला दिलेला याहून मोठा आशीर्वाद आमच्या कारखान्यात दुसरा असूच शकत नव्हता. तिनं तेच चिठ्ठीवर लिहिलं, 'वितू पोचत नाही', आणि हसत हसत माझ्या मानेत टाकलं.

"मीपण लिहिणार," वितू म्हणाला.

"धावणाऱ्याला भाकिताचा हक्क नाही!" वाफ्या ओरडला.

"वाफ्याकाका, मी कुठं धावतोय? घोडा धावतोय."

त्यानं पिवळा कागद घेतला आणि टेबल भरलेलं होतं म्हणून माझ्याच छातीवर धरून लिहायला लागला. पेन्सिल टोकदार होती, अक्षरन् अक्षर मला टोचलं. काय लिहिलं ते तेव्हापासून एकट्या मला ठाऊक होतं. त्यानं चिठ्ठीची घडी केली, झाकण उचललं, आत टाकली आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. "साहेब, सांभाळा हं."

शर्यत आम्ही रेडिओवर ऐकली. काजूताई मैदानावर गेली नव्हती, तिला बघवत नसे. निवेदक भराभर नावं घेत होता. पिवळा तिसरा, पिवळा दुसरा. वाफ्या इस्त्री सोडून नाचायला लागला. शेवटच्या वळणावर निवेदकाचा आवाज अडखळला, मग एकदम खाली आला. घोडा कोसळला होता. वितू खाली होता आणि मागून बाकीचे घोडे येत होते.

तो दवाखान्यातही पोचला नाही.

महिन्यानं काजूताई कामावर आली. तिच्यामागोमाग मैदानावरून कागदी पिशवीत जाकीट आलं, एक बाही खांद्यापासून उसवलेली. तिनं ते धुतलं, बाही जोडली, बटणं घट्ट केली आणि माझ्या अंगावर चढवलं. मग फडकं घेऊन मला पुसलं. 'गुड मॉर्निंग, साहेब' म्हणाली नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "वितू, मी गमतीनं बोलले रे."

तेव्हापासून रोज सकाळी हेच. फडकं आणि ते एक वाक्य.

आमच्या कारखान्यातून एक शब्द नाहीसा झाला. माल पोचला असं कुणी म्हणेना, माल मिळाला म्हणायचे. वाफ्या उशिरा यायचा, तर "पोचायला वेळ झाला" म्हणता म्हणता जीभ चावायचा. आणि काजूताईनं तर उद्याचं बोलणंच टाकलं. "उद्या येशील का गं?" विचारलं तर म्हणायची, "बघू." आभाळ काळंकुट्ट झालं तरी 'पाऊस येईल' असं तिच्या तोंडून निघायचं नाही. अकरा वर्षं चुकलेली जीभ नेमकी त्याच दिवशी कशी खरी झाली, हा प्रश्न तिला आतून कुरतडत होता. मास्तरांनी एकदा समजावलं, "काजू, घोडा अडखळला. बोलण्यानं कुठं काय होतं?" तिनं पुढचं काज हातात घेतलं.

मला मास्तरांनी कामातून काढलं आणि डोकं असलेला नवा पुतळा आणला. मी खिडकीशी पिवळं जाकीट घालून उभा. पंखा सुरू झाला की जांभळ्या बाह्या हळूच हलायच्या. नवीन आलेली एक मशीनवाली दोन दिवसांत काम सोडून गेली. "तो श्वास घेतो," म्हणाली. नाही हो घेत मी श्वास. पण खरं सांगतो, भर दुपारी सगळे जेवायला बसले की मलाच वाटायचं, या जाकिटात माझ्याखेरीज आणखी कुणीतरी आहे. आणि एक आवाज यायचा. रस्त्यावरून ट्रक गेला की माझ्या मानेतल्या चिठ्ठ्या सरसरायच्या. वाफ्याची इस्त्री थांबायची, मास्तरांची कात्री थांबायची, काजूताईची सुई अर्ध्या टाक्यात थांबायची. तिघंही ऐकायचे आणि तिघंही ऐकलं नाही असं दाखवायचे.

झाकण उचलायची कुणाची छाती झाली नाही. कारण आत तिच्या अक्षरात ते वाक्य होतं ना! एवढंच त्यांना आठवायचं. पोरानंही एक चिठ्ठी टाकली होती, हे रडारडीत तिघंही विसरून गेले. मी मनातल्या मनात ओरडायचो, 'अहो, हात घाला! तिची नको, दुसरी काढा!' पण माझं कोण ऐकणार?

सहा वर्षं अशी गेली. मग मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि कारखाना बंद करायचं ठरलं. मशिनी गेल्या, कापणीचं टेबल गेलं. गेल्या महिन्यात एका सकाळी भंगारवाला माझ्यासाठी आला.

"जरा थांब," काजूताई म्हणाली. तिनं शेवटचं मला पुसलं. "वितू, मी गमतीनं बोलले रे." मग एकेक बटण काढून जाकीट उतरवलं आणि छातीशी धरलं. फडकं तिच्या हातातच होतं.

भंगारवाल्याला काय माहीत! त्यानं मला उचलायला मानेच्या मुठीला हात घातला, झाकण त्याच्या हातात आलं आणि मी आडवा झालो. चार पिवळ्या चिठ्ठ्या फरशीवर पडल्या.

एक उघडी पडली होती, काजूताईच्या अक्षरातली. वाफ्यानं पटकन पुढे होऊन त्या चिठ्ठीवर पाय ठेवला. पण काजूताईची नजर तिकडे नव्हतीच.

"ही चौथी कुणाची?" ती म्हणाली. वाकून तिनं घडी उलगडली. "हे... हे वितूचं अक्षर आहे."

मास्तर चष्मा शोधायला लागले.

तिनं कागद वाफ्यापुढे धरला. "मला नाही वाचवत. तू वाच."

"ताई, राहू दे..."

"वाच म्हणते ना! वाचायचास तसंच वाच."

वाफ्यानं कागद घेतला. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो निवेदकाचा आवाज त्यानं काढला, फाटका, कापरा.

"आणि आता... आता ऐका वितूचं भाकीत! 'आई म्हणते मी पोचत नाही. म्हणजे पहिला मीच. पण आईचं भाकीत चुकूनमाकून खरं निघालंच, तर त्यात आईची काही चूक नाही, घोडा मूर्ख म्हणायचा. आणि काही झालं तरी या वर्षी साहेबांना तिनं पुसायचं नाही. अकरा वर्षं पुसलंय. आता...'"

वाफ्याला पुढचं वाचवेना. मास्तरांनी त्याच्या हातातून कागद घेतला, डोळ्यांशी अगदी टेकवला आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

"'आता आईला सुट्टी.'"

काजूताईच्या घशातून असा काही आवाज आला, की हसणं आहे का रडणं ते मला आजही सांगता येणार नाही. तिनं चिठ्ठी घेतली, जाकिटाच्या आतल्या बाजूला ठेवली आणि वरची तीन बटणं लावली. सहा वर्षं ज्या शब्दाला आमच्या कारखान्यात बंदी होती, तो शब्द तिनं स्पष्ट उच्चारला.

"पोचली रे वितू. उशिरा, पण पोचली."

निघताना ती दारात थांबली. वाफ्यानं भीत भीत विचारलं, "ताई, उद्या येशील का गं माझ्या घरी चहाला?"

"येईन," ती म्हणाली.

मी आता भंगाराच्या आवारात उभा आहे. शेजारी मोडकी खुर्ची आहे, गंजलेलं मशीन आहे. मानेवर झाकण नाही, आत काही नाही, वारा आला तरी सरसरत नाही. अंगावर धूळ बसायला लागली आहे, खांद्यावर चांगलाच थर जमलाय. तुमच्यापैकी कुणी कधी या बाजूला आलात आणि मला पाहून दया आली, तर एक विनंती आहे. मला पुसू नका. कुणी विचारलंच, हा इतका धुळकट कसा, तर सांगा, की याला पुसणारीला तिच्या मुलानं सुट्टी दिली आहे.