गालातली जीभ

मेट क्लिमचाकला बेसबॉलच्या मोठ्या लीगमधला एक विजय हवा होता. दहा नको, पाच नकोत, एकच. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीत त्याचा बाप खपला होता, दोघे भाऊ अजून खपत होते, आणि हा पठ्ठ्या सात वर्षं छोट्या लीगच्या बसमध्ये धक्के खात गावोगाव चेंडू फेकत हिंडला होता. वयाच्या तिसाव्या वर्षी, ऐन सप्टेंबरात, शहरातल्या मोठ्या संघाचे दोन पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, जायबंदी झाले आणि मेटला बोलावणं आलं.

पहिल्या सामन्यात पहिल्याच इनिंगमध्ये त्याला चार धावा चोपल्या. दुसऱ्यात तर त्याहून वाईट हाल. दोन्ही सामने हरले ते मेटच्याच नावावर.

फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा संघाचा म्हातारा कॅचर टॅगर्ट डोकं खाजवत म्हणाला, "गड्या, तुझा वळणारा चेंडू कसला खाली पडतो! पण ते लेकाचे वाटच बघत असतात त्याची. तू काय त्यांना आधी पत्र घालतोस का रे?"

"मला काय ठाऊक?" मेट खेकसला.

मॅनेजरनं तेवढंही गोड बोलायचे कष्ट घेतले नाहीत. "रविवारी मोसमाचा शेवटचा सामना. दुसरं कुणी उरलं नाही म्हणून तू फेकायचं. सोमवारची गाडी बघून ठेव."

शनिवारी सकाळी त्याची बायको वेरोना गावाहून त्याच्या शहरातल्या खोलीवर आली, अक्रोड भरलेला घरचा पाव फडक्यात बांधून. मेटचं तोंड बघून तिनं आधी पाव कापून पुढ्यात ठेवला. न्याहारी झाली आणि तिनं पत्ते काढले. अकरा वर्षांचा रिवाज होता त्यांचा, हरेल त्यानं भांडी घासायची. मेट अकरा वर्षं भांडी घासत आला होता.

आजही हरला. पत्ते आपटून ओरडला, "तू माझे पत्ते चोरून बघतेस!"

"बघायची गरज काय मेल्या? चांगलं पान आलं की तुझी जीभ डाव्या गालात जाते. गाल सुपारी ठेवल्यासारखा फुगतो."

मेट हसला नाही. उठला, चेंडू घेतला आणि तिला हाताला धरून खोलीमागच्या परसात घेऊन गेला. "या उलट्या बादलीवर बस. मी भिंतीवर फेकतो. हातातून सुटायच्या आधी सांग, सरळ की वळणारा."

"सरळ," वेरोना म्हणाली. मग, "वळणारा. वळणारा. सरळ. वळणारा."

एकही चुकलं नाही. मेटची कानशिलं तापली. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! वळणारा टाकायच्या आधी फुगणारा आपला गाल समोरचे फलंदाज वाचत होते आणि आपण खांद्याला दोष देत बसलो होतो.

"अकरा वर्षं! अगं, अकरा वर्षं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर भांडी कोणी घासली असती?" ती म्हणाली, पण त्याचा चेहरा बघून तिचा आवाज खाली आला. "चेंडू फेकतानाही करतोस, हे मला कुठं ठाऊक होतं रे? मी कधी बघितलंय तुला खेळताना?"

दिवसभर त्यानं जीभ दातांमागे दाबून फेकून बघितलं. चेंडू वळेचना. जीभ हलली नाही की मनगट हलत नव्हतं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा वेरोनाच वैतागून उठली. "जात नाही ना ती सवय? मरू दे. मग प्रत्येक चेंडूला घाल जीभ गालात!"

रविवारी त्यानं तेच केलं. सरळ असो की वळणारा, डावा गाल फुगलेलाच. फलंदाज वळणाऱ्याची वाट बघत आणि सरळ चेंडू त्यांच्या नाकासमोरून जाई. पाचव्या इनिंगपर्यंत डाव त्यांच्या ध्यानात आला, पण आता गालावरून काहीच कळेना. ते शिव्या घालू लागले. मेटचा जबडा ठणकत होता, एकदा जीभ दाताखाली सापडून तोंडात रक्त आलं. ते त्यानं गिळलं.

शेवटची इनिंग. मेटच्या संघाच्या तीन धावा, त्यांच्या दोन. दोघं बाद, एक जण तिसऱ्या बेसवर, बरोबरीच्या धावेच्या तोंडाशी, आणि समोर पहिल्या सामन्यात त्याला धूळ चारणारा धिप्पाड फलंदाज. त्याचे दोन चेंडू हुकले होते, तिसरा हुकला की तो बाद आणि सामना खिशात. टॅगर्टनं खूण केली: सरळ. मेटनं मान हलवली, नाही. पुन्हा सरळ. पुन्हा नाही. सात वर्षांत ज्या चेंडूनं पोट भरलं, तोच टाकून जाईन, जायचंच असेल तर. रक्ताळलेली जीभ गालात खुपसली आणि त्यानं वळणारा टाकला. फलंदाज बॅट खांद्यावर ठेवून बघतच राहिला आणि बाद झाला.

पुढच्या वसंतात मेटचा खांदा गेला आणि तो भावांच्या शेजारी खाणीत उतरला. मोठ्या लीगमध्ये तीन सामने, दोन हार, एक विजय. बस्स.

पण त्या रविवारच्या संध्याकाळी, खोलीवर, जीभ सुजून त्याला अक्रोडाचा पावही खाता येत नव्हता. वेरोनानं पत्ते वाटले. मेटला हुकुमाचा एक्का आला आणि सुजलेली जीभ जागची हलली नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. काही कळेना. हरली.

"घासते बाई," म्हणत ती उठली. मेटनं तिच्या हातातल्या बश्या काढून घेतल्या आणि नळाखाली उभा राहून, तिच्याकडे पाठ करून, रडत रडत सगळ्या घासल्या.