सपाट रेघेचा चमत्कार

"आईला जरा बरं वाटायला लागलं, की ती आधी औषध सोडते. लक्ष ठेव, वहिनी." नणंदेनं फोनवर बजावलं होतं, पण सुनेनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या हृदयाच्या गोळ्यांची चौकशी करणं म्हणजे आपणहून छडी खायला हात पुढे करणं. शिवाय बाळ नुकतंच चालायला लागलं होतं. त्याच्यामागे धावताना तिची स्वतःचीच पुरेवाट होत होती.

मग एका दुपारी सासूबाईंच्या आग्रहाखातर ती लहरीबाबांच्या दरबारात गेली. शिंप्याच्या दुकानावरचा हॉल माणसांनी नुसता फुलला होता. डोक्यावर ट्यूबलाइटच्या रांगा, भिंतीवरून लोंबणाऱ्या वायरी आणि समोर टेबलावर एका यंत्राचा हिरवा पडदा.

"माणूस खोटं बोलेल, डॉक्टर खोटं बोलेल, हा पडदा बोलणार नाही," बाबा म्हणाले. त्यांनी सासूबाईंच्या मनगटाला एक तार अडकवली. पडद्यावर जाडजूड लाटा उसळल्या. "बघा, ही पीडेची लाट. कधीपासून साचलीय कोण जाणे." मग त्यांनी चपला काढल्या, एका पितळी पाटावर पाय ठेवले आणि सासूबाईंच्या डोक्यावर हात ठेवला. लाटा जागच्या जागी विरल्या. पडद्यावर उरली एक सरळ, शांत रेघ. हॉलमध्ये सुस्कारे सुटले.

"आता गोळ्या म्हणजे विझल्या आगीत तेल ओतणं," बाबांनी बजावलं. सासूबाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी मान डोलावली. सुनेला मघाचा जिना आठवला. चढताना सासूबाई दोनदा कठड्याला धरून थांबल्या होत्या, आणि वर "किती ऊन आहे" असं म्हणाल्या होत्या. जिन्यात ऊन कुठलं?

घरी तिनं विचारलं तेव्हा त्यांनी लपवलं नाही. गोळ्या कधीच बंद केल्या होत्या. "मी पुराव्याशिवाय विश्वास ठेवणारी बाई नव्हे," त्या म्हणाल्या. "तू डोळ्यांनी बघितलंस ना?"

बघितलं होतं, आणि तेच तर खुपत होतं. रांगेतल्या प्रत्येकाच्या वेळी तिनं पाहिलं होतं, बाबा एरवी चपला काढत नव्हते. लाट शांत करायची वेळ आली की मगच काढत. तिनं नणंदेला फोन लावला. नणंद तंत्रनिकेतनात मोजमापाची उपकरणं शिकवायची. तिनं एवढंच विचारलं, की तार एकच होती का. एकच, असं ऐकल्यावर ती म्हणाली, "मी येते. तोवर आईशी वाद घालू नकोस, ती वादात हरत नाही."

पुढच्या दरबारात तिघी पुढे बसल्या. सासूबाईंच्या मनगटाला तार लागली, लाटा उसळल्या, बाबा चपला काढायला वाकले. तेवढ्यात सुनेच्या मांडीवरून बाळ सटकलं, अनवाणी दुडदुडत पितळी पाटावर चढलं आणि त्यानं आजीचं बोट पकडलं.

लाटा विरल्या. तीच सरळ, शांत रेघ.

 मग मागून कुणीतरी हात जोडले. एक आजीबाई तर बाळाच्या पायाशीच वाकल्या. त्यानं त्यांचा चष्मा ओढून घेतला, तोही त्यांना प्रसाद वाटला. बाबा पक्के मुरलेले. "या रूपातही मीच आहे," ते लगेच म्हणाले.

सुनेला पुढचं दिसलं. उद्या हेच लोक आपल्या लेकराला या पाटावर बसवतील. तिनं बाळाला उचललं, लाटा परतल्या. पाटावर ठेवलं, गेल्या. बाजूच्या सतरंजीवर ठेवलं. बोट तसंच धरलेलं, पण लाटा जिथल्या तिथे.

"पाट उचला," ती म्हणाली.

"जागृत पाट आहे, हात भाजेल."

"भाजू दे," म्हणत तिनं तो उलटा केला. त्याला जोडलेली एक तार सतरंजीखालून निघून थेट भिंतीवरच्या स्विचबोर्डात, अर्थिंगच्या, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या, भोकात गेली होती.

आता नणंद उठली. तिनं बाबांची तार हॉलमधल्या स्टुलावरच्या स्टीलच्या पिंपाला अडकवली. पडद्यावर त्याच लाटा. "या पिंपालाही पीडा आहे का हो?" तिनं विचारलं. मागचे दोघेतिघे हसले आणि बाबांचा चेहरा पडला.

मग तिनं समजावून सांगितलं. भिंतीतल्या विजेचा गुणगुणाट आपल्या सगळ्या अंगावर सारखाच उमटतो. तो पीडा नव्हे, वायरिंग. जमिनीशी जोडलेल्या माणसानं हात लावला, की तो गुणगुणाट जमिनीत निघून जातो. "आणि सपाट रेघ बघून सुस्कारे कसले सोडता? हृदयाची रेघ सपाट होते ती मेल्यावर."

तिनं पिशवीतून बॅटरीवर चालणारी छोटी पेटी काढली. आईच्या दोन्ही मनगटांना एकेक तार लावली, तिसरी आधाराला घोट्याला. "आत इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर आहे. होडीतली दोन माणसं किनाऱ्यावरून बघितली तर लाटेबरोबर दोघंही वर-खाली होताना दिसतात. पण होडीतल्या एकानं दुसऱ्याकडे बघितलं, तर त्याला लाट दिसत नाही, समोरच्याची हललेली भुवई तेवढी दिसते. ही पेटी तसंच बघते. दोन्ही हातांवर जे सारखं, ते वजा. जे वेगळं, ते कितीतरी पटींनी मोठं. आणि वेगळं असतं ते हृदयाचं."

पेटीला जोडलेल्या तिच्या मोबाइलवर आता लाटा नव्हत्या. अणकुचीदार ठोके उमटत होते. दोन घाईघाईनं, मग एक लांब खड्डा, मग तीन एकमेकांवर आदळत.

नणंदेनं ओळखलं, हे ठोके बिघडलेले आहेत. तिला हे दाखवायचं नव्हतं. नीट ठोके दाखवून ती आईला घरी नेणार होती.

सासूबाईंनी एकदा हिरव्या पडद्याकडे बघितलं, एकदा मोबाइलकडे. "यातली खरी रेघ कुठली?" त्यांनी हळूच विचारलं.

"ही, आई," सून म्हणाली. "त्या गोंगाटात ही ऐकूच येत नव्हती. चला, रिक्षा थांबवून ठेवलीय."

दवाखान्यात त्याच दिवशी दाखल केलं. डॉक्टर म्हणाले, ठोका असाच अडखळत राहिला असता तर हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकली असती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सासूबाई दोन दिवस नर्स सांगेल ते करत राहिल्या. तिसऱ्या दिवशी नर्सला म्हणाल्या, "ही तार कशाला लावता, ते आधी सांगा."

हाच प्रश्न आपण सगळ्यांनी विचारायला हवा. पडदा दिसला, रेघ हलली, म्हणजे पुरावा मिळाला असं होत नाही. काय मोजलं, कुठून मोजलं आणि हात लावणारा कुठे उभा होता, हे विचारल्याशिवाय मान डोलावू नका. आणि एक काम आजच करा. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी अचानक 'आता मला काही त्रास नाही' असं म्हणायला लागलं असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. औषध चालू आहे का ते विचारा. 'हो' म्हणाले तरी लगेच उठू नका; थोडा वेळ बसा, आणि पुन्हा विचारा.