झाडाची पाठवणी

करवतीचा आवाज न्सियांडेला ओढ्याच्या पुलावरच ऐकू आला. किलिमांजारोच्या या उतारावर मशीनची करवत कुठे ना कुठे कोकलत असतेच, म्हणून आधी तिनं मनावर घेतलं नाही. केळ्यांचे घड बाजारात विकून ती रिकामी टोपली घेऊन चढ चढत होती. पण प्रत्येक वळणाला आवाज जवळ येत गेला. शेजाऱ्यांच्या कुंपणापाशी ओल्या भुशाचा गोडसर वास आला, तशी टोपली तिथंच टाकून ती धावत सुटली.

तिचा किहांबा, म्हणजे घराभोवतीची बाग, तशी लहानच. वर केळी, केळीखाली कॉफी, कॉफीखाली कोनफळाचे वेल, आणि या सगळ्यांवर छत्र धरून उभा एकच म्रिंगारिंगा वृक्ष. सासूनं लावलेला. त्याच्या फांदीला मधमाश्यांसाठी पोकळ ओंडका टांगलेला. ती सावली गेली की पुढच्या उन्हाळ्यात कॉफी करपलीच म्हणून समजा, आणि कॉफी करपली की विधवेच्या घरात मागे उरतं काय?

त्या झाडाच्या बुंध्यात कमरेच्या उंचीवर खाच पडली होती. भला मोठा जबडा वासावा तशी. तुमाइनी मशीन पोटाशी धरून उभा होता, दोन गडी दोर ओढून धरत होते, आणि लाकूडतोड्यांच्या टोळीचे म्होरके उरासाबाबा डोळे किलकिले करून शेंड्याकडे पाहत होते.

"थांबवा," न्सियांडे म्हणाली. तिला धाप लागली होती. "कुणी सांगितलं तुम्हाला? माझं झाड आहे हे."

उरासाबाबांनी टोपी काढली. वाकून, दोन्ही हात पुढे जोडून ते अगदी मायेनं म्हणाले, "रडू नकोस, हायकाच्या आई. आम्ही चोर नाही, सोयरे आहोत. लेक चांगल्या घरी चालली."

लेक म्हणजे तिची हायका नव्हे, हे झाड.

ही रीत तिला ठाऊक होती. जुन्या लोकांच्या लेखी किहांब्यातलं झाड म्हणजे घरची लेक. ते तोडायचं तर तिची पाठवणी करायची. आदल्या संध्याकाळी धनी मुळाशी दूध, मध आणि म्बेगे, म्हणजे केळ्याची दारू ओततो, 'जा बाळे, सुखी राहा' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम बाहेर निघून जातो. घाव पडत असताना परततो आणि आकांत मांडतो, की माझी लेक पळवली, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तोडणारे त्याची समजूत काढतात, म्बेगेनं भरलेला वाळका भोपळा पुढे करतात. तो झिडकारतो, पुन्हा झिडकारतो, शेवटी घोटभर घेतो. मग झाड पडतं. हल्लीची पोरं हे काही पाळत नाहीत. उरासाबाबा पाळत. हातकरवतीच्या काळात पाळत होते, मशीन आल्यावरही पाळत होते, आणि त्यासाठी लोक त्यांना मान देत.

"बाबा, मी रीत करत नाहीये," ती म्हणाली. "मी खरंच सांगतेय. मी हे झाड कुणाला दिलेलं नाही."

"बरोबर आहे," उरासाबाबा मान हलवत म्हणाले. "कोणती आई म्हणेल की मी दिली?"

तुमाइनी हसला. "वा, जमलंय हं वहिनी. आमच्या चुलत्याचं झाड पाडलं तेव्हा तो नुसता 'हाय हाय' करत भोपळ्याकडे बघत होता. असं मनापासून कुणी करत नाही आता."

"तुमाइनी, तुझ्या तोंडाला काही कुंपण आहे का रे?"

"कुंपणाचं लाकूड विकलं, वहिनी."

दोरवाले हसले. त्या हसण्यात खोट नव्हती, आणि तेच तिला सहन होईना. एखाद्यानं ढकललं असतं, शिवी घातली असती, तर तिला भांडता आलं असतं. ही माणसं तिच्याकडे कौतुकानं बघत होती. ती जितकी मोठ्यानं 'नाही' म्हणत होती, तितकी त्यांना ती रीतीला धरून वागणारी, खानदानी बाई वाटत होती.

ती खाचेसमोर जाऊन उभी राहिली. झाड पडायचं होतं त्याच वाटेवर. उरासाबाबांनी तिला कोपराला धरून हळूच बाजूला नेलं. "आई वाटेत उभी राहतेच," ते म्हणाले. एका गड्यानं भोपळा पुढे केला. तिनं तो हातानं उडवला, दारू कॉफीच्या पानांवर सांडली. गडी म्हणाला, "हा पहिला नकार."

न्सियांडेला आपलं लग्न आठवलं. त्या दिवशी ती अशीच रडली होती, खरंखुरं, आईचा हात न सोडता. आणि बायका एकमेकींना म्हणाल्या होत्या, किती छान रडते पोरगी.

तुमाइनीनं मशीनची दोरी खेचली. पहिल्यांदा नुसती खोकली ती. दुसऱ्यांदा सुरू झाली. ती चालू ठेवूनच तो आता मागच्या बाजूला जाऊन पायांनी पाला सारत उभं राहायला जागा करू लागला. मागचा काप पडला की संपलं.

न्सियांडे रोज पहाटे देवापुढे गुडघे टेकणारी बाई. आवाज चढवणं तिच्या स्वभावातच नव्हतं, आणि आज चढवला तर तो असा वाया चालला होता. रडणं या रीतीत बसत होतं. ओरडणं बसत होतं. आडवं येणं, दारू सांडणं, सगळं बसत होतं. बसत नाही असं काय आहे? तिची नजर फिरत फिरत झाडाच्या मुळाशी गेली, आणि ती एकाएकी शांत झाली.

ती उरासाबाबांच्या कानाशी गेली. "काल संध्याकाळी तुम्ही इथं होता?"

"छे. निरोपाच्या वेळी परक्यानं असू नये. तुझा दीर अनाएली म्हणाला, वहिनीनं सगळं केलंय, उद्या ती बाजाराला निघून जाईल, तेव्हा या."

"मुळाला हात लावा, बाबा."

"काय?"

"हात लावून बघा. काल मध ओतला असता तर आत्ता तिथं मुंग्यांची रांग असती. दूध ओतलं असतं तर वास असता. मुलीला उपाशी पाठवतात का तुमच्यात?"

उरासाबाबा गुडघ्यावर हात देऊन, कण्हत, खाली बसले. भुसा बाजूला सारून त्यांनी मुळाच्या बेचक्यात बोटं घातली. माती कोरडी, भुसभुशीत. बोटं नाकाशी नेली. दुसऱ्या बाजूला सरकून पुन्हा हात घातला. एक मुंगी नव्हती. त्यांनी 'थांब' म्हणून हात वर केला. तुमाइनीला आधी कळलंच नाही, तेव्हा त्यांनी टोपी फेकून त्याच्या पाठीत मारली. पातं खोडाला टेकायच्या आत मशीन बंद झाली.

"अनाएलीला बोलवा," ते म्हणाले.

बोलवावं लागलंच नाही. न्सियांडेचा धाकटा दीर अनाएली कुंपणापलीकडे आपल्या अंगणात उभा राहून बघतच होता. मुलाच्या लग्नासाठी त्याला नव्या घराची दारं करायची होती. धुतलेले बूट घालून, फांद्या बाजूला करत तो आत आला.

"का थांबलात?"

"मूळ कोरडं आहे," उरासाबाबा म्हणाले.

"एवढंच ना? माझ्याकडे सकाळचं दूध आहे. आणतो, ओततो. दोन शब्द बोलतो. त्यात काय."

"तू मला खोटं सांगितलंस."

"खोटं कसलं? वहिनीला विचारलं होतं मी. विचारा तिला."

"विचारलंस," न्सियांडे म्हणाली. "मी काय म्हणाले?"

अनाएलीनं कुंपणाकडे पाहिलं. तिथं आता शेजारणी जमायला लागल्या होत्या. "नाही म्हणालीस. पण बायका आधी नाहीच म्हणतात. मागाहून ऐकतात. मला वाटलं, झाड पडलं की तूही शांत होशील. भावाचंच तर झाड."

"चर्चमध्ये तुझ्या भावाला 'हो' म्हणाले होते मी. ते मात्र पहिल्याच फटक्यात खरं धरलंत."

कुंपणापलीकडून कुणीतरी "बरोब्बर" म्हटलं. अनाएलीचे कान तापले. "उरासाबाबा, अर्धं कापलेलं झाड काय कामाचं? आता पाडूनच टाका. उद्या वाऱ्यानं तिच्याच घरावर पडेल."

"अर्धं नाही," म्हातारा म्हणाला. "मागचा काप लागलेला नाही. ती वेळेवर बोलली." मग थांबून, खाली बघत, "नाही. ती आल्या आल्याच बोलली होती."

"हो," न्सियांडे म्हणाली. त्यांना बरं वाटेल असं काही बोलावं, अशी तिला इच्छाच झाली नाही.

उरासाबाबांनी दोर वरच्या अंगाला, दगडी बांधाच्या खुंटाला ताणून बांधायला लावले. दोर इथंच राहू दे म्हणाले, पाऊसकाळ संपेपर्यंत. खाचेत माती आणि शेण दाबून बसवावं लागेल. जगेल का? "जगेलही. वारा वरून सुटला तर सांगता येत नाही. मी शब्द देत नाही."

"शेण गोठ्यात आहे," न्सियांडे अनाएलीला म्हणाली. "टोपली शेजाऱ्यांच्या कुंपणाशी पडली असेल, ती घे."

"मी?"

"तू."

"वहिनी, हे गडी आहेत ना—"

"त्यांनी कापलं. कापायला तू लावलंस."

तो एकदा हसायला बघत होता, पण कुंपणाशी उभी असलेली एकही बाई हसली नाही. तो टोपली आणायला गेला. पहिली पाटी घेऊन आला तेव्हा त्याचे बूट घोट्यापर्यंत भरले होते, आणि तुमाइनीला जिभेवर आलेली कोटी गिळावी लागली. तोही मुकाट्यानं माती कालवायला बसला.

काम निम्मं झाल्यावर उरासाबाबा भोपळा घेऊन तिच्यापुढे आले. त्यात तळाशी थोडी दारू उरली होती. "हा घोट रीतीचा नाही, हायकाच्या आई. माफीचा आहे. मी म्हातारा माणूस. रीत पाळता पाळता माझे कान गेले."

न्सियांडेनं भोपळ्याकडे पाहिलं, हात पुढे केला नाही.

"माफी मी रोज पहाटे मागते, बाबा. फुकट मिळत नाही ती. उद्या या. परवाही या. ज्या दिवशी माझा राग उतरेल त्या दिवशी देईन. आज खोटं हसून घोट घेतला, तर तीही तुम्हाला रीतच वाटेल."

म्हाताऱ्यानं भोपळा खाली ठेवला. मग जाऊन अनाएलीच्या शेजारी बसला आणि खाचेच्या आतल्या कोपऱ्यात, जिथं पाटीनं पोचत नव्हतं तिथं, बोटांनी माती भरू लागला. न्सियांडे जागची हलली नाही. कुठं पांढरं लाकूड उघडं दिसलं की ती नुसतं बोट दाखवायची, आणि ते तिथं माती लावायचे.